गोड न खाणारी झुरळं

सन दोन हजार बावीस. वय माझं एकाहत्तर, आधार कार्डावर एकोणसत्तर. मी एकाहत्तरच धरतो, कारण माझ्या जन्माच्या वेळी कार्डवाले तिथे नव्हते, माझी आई होती.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर मी आणि माझी बायको यमुना बसलो होतो. बाई वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि खूश होऊन म्हणाल्या, "काका, छान झालं. आकडा अगदी तळाला गेलाय. आता आपण इंजेक्शन थांबवूया."

"म्हंजे सगळे मेले," मी म्हटलं.

"सगळे नाही. थोडे असणारच. त्यांना सध्या राहू देऊया."

वाचकांनी जरा माझ्या जागी बसून पाहावं. मी पाम गावचा. बोईसर, तारापूर, पालघर या पट्ट्यात मी उभं आयुष्य ढेकूण, झुरळं, उंदीर आणि वाळवी मारण्यात घालवलं. अशा माणसाला समोरून सांगतात, थोडे राहू देऊया. एका न्हाव्याची दाढी दुसऱ्या न्हाव्याने अर्धीच करावी आणि वर आरसा दाखवावा, तसं मला झालं.

"बाई, हे काम अर्धवट हाय," मी म्हटलं. यमुनेने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

हे प्रकरण पुढे कुठे गेलं ते सांगतो. पण आधी माझा रोग काय आणि माझा धंदा काय, ते सांगायला हवं. दोन्ही एकाच खानदानातले निघाले, म्हणून तर हे लिहायला बसलो.

रोग म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर. पुरुषाला लघवीच्या पिशवीच्या खाली सुपारीपेक्षा थोडी मोठी एक ग्रंथी असते, तिच्यातला. हे दिवाळी अंकात लिहावं का, यावर घरात वाद झाला. यमुना म्हणाली, चारचौघांत असल्या जागेचं नाव घेऊ नये. मी म्हटलं, दिवाळी अंक वाचणारे निम्मे म्हातारेच असतात आणि आपल्या घरचा बाथरूमचा दिवा किती वेळा लागतो ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. मला आधी मुंबईला नेऊन लाईट दिली होती, म्हणजे किरणं. त्याने काही वर्षं बरी गेली. मग रक्तातला आकडा, ज्यावरून रोग किती ते कळतं, पुन्हा चढायला लागला, तेव्हा इंजेक्शन सुरू झालं. ते दर काही महिन्यांनी पोटात टोचायचं. या रोगाच्या पेशी पुरुषी हार्मोनवर जगतात. इंजेक्शनने अंगातलं ते हार्मोनच बंद पडतं आणि पेशी उपाशी मरतात. हे मला पटलं होतं. रसद तोडायची, हे आमच्याही धंद्यात चालतं.

रसद तोडली की गावातल्या गरिबालाही उपाशी राहावं लागतं, हे मात्र मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. इंजेक्शन सुरू झालं आणि मला उमाळे यायला लागले. बसल्या बसल्या छातीतून गरम वाफ निघायची, कान तापायचे, सदरा भिजायचा, आणि जरा वेळाने थंडी वाजायची. यमुनेला पन्नाशीत जे झालं होतं ते मला सत्तरीत झालं. तेव्हा मी तिला काय म्हणालो होतो ते मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"पंखा लावून बस, त्याच्यात काय एवढं," ती मला म्हणाली. "असं तुमीच बोललेले."

दुसरी गोष्ट रडण्याची. टीव्हीवरच्या मालिकेत सासूने सुनेच्या हातून ताट ओढून घेतलं आणि मला हुंदका आला. यमुना त्या सासूच्या बाजूची असल्यामुळे आमचं त्यावरून भांडणही झालं. तिसरी गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. औषधाचा भरलेला पंप मी खांद्याला लावला आणि तो उचलेना. दंडातली ताकद कुठे गेली कळलं नाही. मी पंप खाली ठेवला आणि यमुनेला म्हटलं, वॉशर खराब हाय. तिने वॉशरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं.

आता धंदा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कवटीचं चित्र सगळ्या भाषांत सारखंच असतं. लोक मला ढेकूणवाला म्हणतात. त्याची मला लाज नाही, लाज असते ती गिऱ्हाइकांना. आपल्या घरात ढेकूण आहेत हे कोणी कबूल करत नाही. तारापूरकडच्या एका मोठ्या कॉलनीत एका बाईंनी मला निरोप धाडला, की पंप पिशवीत घालून या आणि पाहुणे म्हणून या. मी इस्त्रीचा सदरा घातला, पाहुणा झालो, चहा-पोहे खाल्ले, दारं लावून फवारणी केली. निघताना जिन्यात शेजारीणबाई उभ्या. हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडचे पाहुणे जाताना आमच्याकडे दोन मिनिटं येतील का?" त्या इमारतीत मी त्या महिन्यात सगळ्यांचा मामा झालो होतो.

बोईसरला कामगारांच्या खोल्यांत ही भानगड नसे. तिथे सगळे मोकळेपणाने खाजवत. एका खोलीत चार खाटा आणि आठ माणसं, चार दिवसपाळीची, चार रातपाळीची. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा. खाट कधी थंड होत नसे. म्हणजे ढेकणांना चोवीस तास चालू असलेली खानावळ. तिथला स्वयंपाक करणारा रामदुलार नावाचा माणूस होता, तो सगळ्यांचा पुढारी. मला चाचा म्हणायचा.

पहिल्या फवारणीला ढेकूण असे पडले की केरसुणीने भरावे लागले. रामदुलारने मला खिचडी खाऊ घातली. पुढच्या खेपेला निम्मे मेले. तिसऱ्या खेपेला रामदुलारने एक ढेकूण चिमटीत धरला, माझ्यासमोर माझ्याच औषधात बुडवला आणि खाटेवर सोडला. ढेकूण अंग झटकून चालायला लागला.

"चाचा," तो म्हणाला, "पहले ये खाली पेट आते थे। अब आपकी दवाई पीके आते हैं।"

मी औषध दुप्पट कडक केलं. माणसं खोकायला लागली, ढेकूण खोकले नाहीत. शेवटी खाटा उन्हात काढून सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायचं ठरवलं, पण खाट रिकामी कधी मिळणार? झोपलेल्या माणसासकट खाट बाहेर आणायची वेळ आली. एक जण उन्हात झोपलेलाच राहिला आणि त्याला पाणी ओतल्यावर जाग आली. ते प्रकरण मिटवायला मला रामदुलारच्या मागे लपावं लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, की हे किडे औषध पचवायला शिकतात. शाळेत जातात तसं. मला जे जमलं नाही ते त्यांना जमतं. मग आली मिठाईच्या दुकानाची गोष्ट, आणि माझं मत आणखी पक्कं झालं.

बोईसरला एका शेठचं मिठाईचं दुकान होतं. मागे भट्टी, तिथे लहान तांबूस झुरळं. मिठाईच्या दुकानात फवारणी चालत नाही, म्हणून मी जेल, म्हणजे विषाचं मलम, लावायचो. ते गोड असतं, साखरेच्या वासाने झुरळ येतं, खातं, मरतं. वर्षं दोन वर्षं हे मस्त चाललं. मग एकदा गेलो तर जेलचे ठिपके जसेच्या तसे. झुरळं त्यांना वळसा घालून जात होती. एक झुरळ माझ्यासमोर आलं, मिशी लावली आणि कडू काढा प्यायल्यासारखं मागे सरलं.

शेठच्या मनाला ते फार लागलं. "काकाजी, आमच्या मालात काय खराबी हाय का? झुरळ पण गोड खायला तयार नाय?"

"मालात खराबी नाय शेठ. यांना साखर झालीय."

शेठला स्वतःला साखरेचा आजार होता, त्याने ते खरंच मानलं आणि झुरळांकडे जरा मायेने बघायला लागला. मी मात्र घरी गेलो, बोरिक पावडर, पीठ आणि जवळ्याची पूड यांच्या बारीक गोळ्या केल्या. जवळा म्हणजे सुकी बारीक कोलंबी. आमच्या किनाऱ्यावर त्याचा वास घरपणाचा समजतात. दुकानात तो वास तुपाच्या वासात मिसळला आणि पेढे घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "आज काही नवीन केलंय का?" शेठ शुद्ध शाकाहारी. मला हात जोडून म्हणाला, "काकाजी, झुरळ राहू द्या, धर्म राहू द्या." पण झुरळं त्या गोळ्यांवर तुटून पडली होती, आणि दोन दिवस दुकान बंद ठेवून, उदबत्त्या लावून, आम्ही काम तडीस नेलं. शेठने पुढे मूर्तीला अभिषेक केला आणि मला अर्धा किलो बर्फी दिली. दोन्ही एकाच दिवशी.

आता पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे येतो. यमुनेचा पाय माझ्या पायावर आहे आणि मी म्हणतोय, काम अर्धवट आहे.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "काका, तुमचं अंग म्हणजे पेशींची वस्ती आहे. पेशी म्हणजे अगदी बारीक जिवंत विटा म्हणा. जन्मभर जुन्या पेशीवरून नव्या पेशीची नक्कल निघत असते. नकलेत चुका होतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, किंवा ती पेशी मरते, किंवा शरीर तिला आवरतं. एखादी चूक अशी होते की पेशी शिस्त सोडते आणि शेजारणींपेक्षा जास्त पिल्लं घालते. ती पिल्लं तिच्या वळणावर जातात. त्यांच्यात पुन्हा चुका. ज्या घराण्याला जास्त पिल्लं, ते घराणं जागा बळकावतं. असं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून हा रोग म्हातारपणी जास्त. आणि म्हणूनच तुमच्या गाठीत एकच घराणं नाही, पुष्कळ आहेत. सगळ्या एकाच आजीच्या नाती, पण स्वभाव वेगळे."

"बोईसरची चाळ," मी म्हटलं.

"तसंच समजा. आता इंजेक्शन आलं. हार्मोनशिवाय ज्यांचं चालत नाही त्या मेल्या. त्याच बहुसंख्य होत्या, म्हणून आकडा तळाला गेला. पण काही थोड्या अशा असू शकतात की हार्मोन नसलं तरी त्या तग धरतात. आपण औषध चालूच ठेवलं तर फक्त त्याच उरतील, आणि रान मोकळं मिळाल्यावर त्याच वाढतील. मग हे औषध आपल्या कामाचं राहणार नाही."

"म्हंजे त्या शिकल्या. औषध पचवायला."

"शिकत कोणीच नाही, काका. ज्या आधीपासून वेगळ्या होत्या त्या उरतात. बाकीच्या मेल्यामुळे त्या आपल्याला दिसतात."

हे मला अजिबात पटलं नाही. मी म्हटलं, बाई, तुमी पेशी बघितल्या असतील, मी झुरळं बघितलीत, आणि मी त्यांना मिठाईच्या दुकानाची गोष्ट सांगितली. गोड खाणारं झुरळ गोड सोडायला शिकलं, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

बाई जवळ्याच्या वासापर्यंत आल्यावर मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "ज्या झुरळाने जेल खाल्लं त्याचं काय झालं?"

"मेलं."

"मग शिकणार कसं? मेलेलं शिकत नाही."

यमुना छताकडे बघत होती, म्हणजे तिला हसू येत होतं.

"हजारांत एखाद्या झुरळाला गोड कडू लागत असणार, जन्मतःच," बाई म्हणाल्या. "जेल यायच्या आधी मिठाईच्या दुकानात त्याचे हालच. चारी बाजूंना पेढे आणि हा उपाशी. गोड खाणारे त्याला पुढे येऊ देत नसतील. तुम्ही जेल लावलंत, गोड खाणारे मेले, आणि ह्याचं राज्य आलं. बरं, त्या जवळ्याच्या गोळ्यांनंतर तुम्ही जेल लावणं सोडलंत ना? मग पुढे कुठली झुरळं झाली?"

पुढे पुन्हा झुरळं झालीच होती, मिठाईच्या दुकानात ती होतातच. आणि ती गोड खात होती. दीडेक वर्षाने शेठच्या धर्माखातर मी पुन्हा जेल लावून पाहिलं होतं आणि ते चाललं होतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, विसरली.

हे मी बाईंना सांगितलं, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. पण आवाज जरा खालीच ठेवला.

"तेच आपल्याला करायचंय," बाई म्हणाल्या. "औषधाने मरणाऱ्या पेशी थोड्या परत येऊ द्यायच्या. त्या औषधाला न जुमानणाऱ्या दांडग्यांना जागा देणार नाहीत, अशी आशा. आकडा एका हद्दीपर्यंत चढला की पुन्हा इंजेक्शन. मी तुम्हाला हमी देत नाही. याने आयुष्य वाढतं का, यावर डॉक्टरांत मतं वेगळी आहेत. पण तुमचं अंग सुधारेल, घाम कमी होईल, हाडं वाचतील, ताकद येईल, हे मला दिसतंय."

पटलं होतं म्हणा, तरी माणसाची हयात एका गोष्टीवर गेलेली असते. मी उठलो. "बाई, मला एकपण जिवंत ठेवायचा नाय. तुमी टोचणार नसाल तर बोईसरला दुसरा दवाखाना हाय."

"आहे," त्या म्हणाल्या. "ते टोचतीलही. आकड्यावर लक्ष ठेवायला मात्र इकडे या, कुठूनही टोचून घ्या." कोणी अडवलं तर मला भांडता येतं, बाईंनी अडवलंच नाही.

रिक्षात यमुना एकच वाक्य बोलली. "मला माझा माणूस पायजेल, रिपोर्ट नको."

तरी मी बोईसरच्या दवाखान्यात परवाची वेळ घेतली. ठरलं म्हणजे ठरलं.

मधल्या दिवशी मुरब्याहून यमुनेच्या भावाचा फोन आला. दामोदर त्याचं नाव. सुक्या मासळीचा त्यांचा धंदा, समुद्राकडे बोंबील वाळवतात आणि घरामागच्या शेडमध्ये साठवतात. शेडमध्ये उंदीर माजले होते. "दाजी, आजच या," म्हणाला. आजारी माणसाला कोणी कामाला बोलावत नाही. दामोदरने बोलावलं, याचं मला इतकं बरं वाटलं की उमाळा आला. यमुना म्हणाली, मी पण येते, माहेर हाय माझं.

मुरब्याला पोचलो तर दामोदर दारातच उभा. बसा नाही, पाणी नाही. "दाजी, हे तुमचंच काम हाय. बघा."

"माझं काय काम?"

"मागल्या टायमाला तुमी शेड साफ केलं. एक उंदीर ठेवला नाय."

"मग? बोललो तसं केलं."

"तेच. आमचे जुने उंदीर होते ते जाडे, आळशी. चार बोंबील खायाचे, पडून राहायाचे. औषध टाकलं तर औषध पण खायाचे बिचारे. पण खाडीतले उंदीर त्यांना भ्यायचे, शेडमध्ये पाय ठेवत नव्हते. तुमी जुने संपवले, आता हे खाडीतले आलेत. हे औषधाला तोंड लावत नायत. पिंजऱ्यावर बसून बोंबील खातात, दाजी. पिंजऱ्यावर."

शेडमध्ये गेलो. खरंच, माझ्या डोळ्यांसमोर एक सडपातळ उंदीर पिंजऱ्याच्या छपरावर बसला होता आणि माझ्याकडे बघून त्याने खाणं थांबवलं नाही. मागच्या वेळी मी काम चोख केलं होतं, यात मला आजही शंका नाही. चोख केलं हीच तर भानगड झाली.

दामोदरच्या घरच्या बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी बाह्या वर केल्या, शेडमधली जड पेटी सरकवायला वाकलो, आणि नेमकी तेव्हाच ती वाफ आली. कान लाल, सदरा ओला. पेटी हलली नाही. दामोदरची म्हातारी काकी माझ्याकडे निरखून बघत होती. मग शेजारणीला म्हणाली, "आपल्याला व्हायचं तसंच हाय की ग जावयाचं." आणि आपल्या पदराने मला वारा घालायला लागली. आयुष्यात इतकी मोठी माणसं मी पाहिली, कोणी मला असा वारा घातला नव्हता. मला रडू आलं. ते इंजेक्शनमुळे, हे मी सगळ्यांना सांगितलं, पण कोणी ऐकून घेतलं नाही.

पेटी यमुनेने आणि दामोदरने सरकवली.

"आता काय करू, सांगा," दामोदर म्हणाला. "आणखी कडक औषध द्या. या टायमाला एकपण ठेवू नका."

मी तोंड उघडलं. माझ्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं. "दामोदर, सगळे मारायचे नायत," मी म्हणालो. "सगळे मारलेस की खाडीत आणखी बसलेत, ते येतील, याहून वाईट. भोकं बुजव. माल जमिनीपासून वर घे, जाळी लाव. मांजर ठेव. वाढले की थोडे मारू, मग थांबू. औषध रोज टाकायचं नाय, ते वाया जातं. काही राहतील. राहू देत."

बोंबील निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. पिंजऱ्यावरचा उंदीरही थांबला होता असं मी म्हणणार होतो, पण तो खातच होता.

यमुनेने माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, बोलायची संधी तिने कधी सोडली नव्हती, आणि ही सोडली.

"दाजी, तुमी आजारी पडून बदललात," दामोदर जरा काळजीने म्हणाला.

"बदलबिदल काय नाय. हे मला आधीपासून ठाऊक हाय," मी म्हटलं.

परतताना रस्ताभर बोंबलाची पिशवी मांडीवर घेऊन मी विचार करत होतो. आयुष्यभर मी किड्यांना घरात शिरलेले चोर समजत होतो. अंगातले तर चोरही नाहीत, माझ्याच घरचे आहेत. माझ्याच पेशी, माझ्याच नकला, एक चूक झाली आणि मोकाट सुटल्या. त्यांना मी काय आणि कितपत मारणार. आणि मारता मारता माझ्याच घराच्या भिंती पाडल्या, दंड गेले, हाडं गेली, तर त्या साफ केलेल्या घरात राहणार कोण? थोडं वाईटही वाटलं. बोईसरच्या त्या खोल्यांत मी औषध कडक करत गेलो तेव्हा हे कोणी समजावलं असतं तर त्या माणसांचा खोकला वाचला असता. पण तेव्हा समजावणाऱ्याचं मी ऐकलं असतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

पामच्या नाक्यावर उतरलो तेव्हा यमुनेने विचारलं, "मग उद्या बोईसरला कितीला निघायचं?"

"कशाला?"

"टोचायला."

"बोईसरला गर्दी असते," मी म्हटलं. "पुढे बघू."

ती हो म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातातून काढून स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. सदरा कोरडा होता की ओला ते आठवत नाही. यमुना चहा टाकत होती. ओट्याच्या कडेने एक झुरळ निघालं, चांगलं मोठं, कसलीच घाई नसलेलं. यमुनेने ते पाहिलं आणि गाळणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"याला नाय का राहू द्यायचं?" तिने विचारलं.

मी पायातली चप्पल काढली आणि एका फटक्यात त्याला मारलं. मग हात धुतले आणि चहा मागितला.